एक सिटिंग की तीन? : दुखण्याच्या हिशेबाचे एक परीक्षण

रूट कॅनाल हा शब्द मराठी घरांत आता परका राहिलेला नाही. दाढ ठणकू लागते, लवंग दाबून होते, गोळ्या घेऊन होतात, दोन रात्री जागून काढल्यावर दंतवैद्याची पायरी चढावी लागते आणि तेथे हा शब्द कानावर पडतो. त्याच्या पाठोपाठ प्रश्न येतो : हे काम एका सिटिंगमध्ये उरकायचे, की दोन-तीन सिटिंगमध्ये? रुग्णाला त्यातले एवढेच कळून घ्यायचे असते, की कशात कमी दुखेल. एक दंतवैद्य सांगतात, एकदाच करून टाकू, पुन्हा पुन्हा त्रास नको. दुसरे सांगतात, घाई नको, आत औषध ठेवू, दात शांत होऊ दे, मग भरू. दोघेही अनुभवी असतात आणि दोघांच्याही बोलण्यात खात्री असते.

अनुभवी माणसांची मते जेव्हा अशी परस्परविरुद्ध असतात, तेव्हा विज्ञानाने मोजमापाकडे वळावे अशी अपेक्षा असते. या प्रश्नावर तसे मोजमाप झाले आहे. कोक्रेन या संस्थेने यावरील प्रयोगांचा आढावा २००७, २०१६ आणि २०२२ असा तीन वेळा प्रसिद्ध केला. त्यातील २०२२ ची आवृत्ती आम्ही येथे परीक्षणासाठी घेतली आहे. आम्ही दंतवैद्य नव्हे. दातावर कोणता उपचार करावा हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु दोन गोष्टींची तुलना कशी करावी, आणि तुलनेचा आकडा हाती आल्यावर तो कसा वाचावा, हा प्रश्न सर्वच विज्ञानांचा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेचाही तो आहे.

दाताच्या आत काय चालते

दाताच्या कठीण भिंतींच्या आत एक पोकळी असते. तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ पेशीजाल असते. हीच दंतमज्जा. ही पोकळी मुळांमध्ये अरुंद नळ्यांच्या रूपाने उतरते आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून जबड्याशी जोडलेली असते. कीड खोल गेली की जंतू या पोकळीत शिरतात. इतर ठिकाणी सूज आली की ऊती फुगतात. येथे भिंती कठीण असल्याने फुगायला जागाच नसते. आतला दाब वाढतो आणि दाढ ठणकते.

या साऱ्यात जंतूंचा वाटा किती, हे १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी एका देखण्या प्रयोगाने दाखवून दिले. त्यांनी उंदरांच्या दाढांना भोके पाडून दंतमज्जा उघडी केली. काही उंदीर नेहमीच्या परिस्थितीत वाढलेले होते, तर काही संपूर्ण जंतुरहित वातावरणात. नेहमीच्या उंदरांची दंतमज्जा मेली आणि मुळाशी पू झाला. जंतुरहित उंदरांच्या भोकात अन्नाचे कण अडकले होते, तरीही त्यांची दंतमज्जा जिवंत राहिली आणि जखमेवर नवा कठीण थर चढू लागला. दोन गटांत फरक एकाच गोष्टीचा, त्यामुळे निष्कर्षाबद्दल शंका उरत नाही. हा प्रयोग वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तुलनेसाठी तो उपयोगी पडेल.

रूट कॅनाल उपचारात ही पोकळी उघडून आतले पेशीजाल काढतात, बारीक कानशींनी नळ्या घासून रुंद करतात, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुतात आणि शेवटी गटापर्चा नावाच्या, झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या पदार्थाने त्या भरून टाकतात. अनेक सिटिंगच्या पद्धतीत धुणे आणि भरणे यांच्यामध्ये काही दिवस जाऊ देतात. त्या काळात नळीत बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवतात. हा आपल्या पानाला लावायचा विरलेला चुनाच. १९२० साली हर्मान यांनी तो दंतोपचारात आणला. त्याच्या तीव्र अल्कधर्मी परिसरात बहुतेक जंतू तग धरत नाहीत. उरलेसुरले जंतू चुन्याने मारावेत आणि मग दात बंद करावा, हा या पद्धतीमागचा विचार. एका सिटिंगवाल्यांचा विचार असा, की नळी नीट धुतली असेल तर उरलेले थोडे जंतू आतच कोंडून, उपाशी राहून मरतात. उलट तात्पुरते भरण ठेवले तर त्याच्या फटीतून नवे जंतू आत येऊ शकतात.

दोन्ही विचार तर्कशुद्ध आहेत. उपचारानंतर दुखते कशामुळे, याचेही उत्तर एकच नाही. घासताना सुटलेला चुरा आणि जंतू मुळाच्या टोकापलीकडे ढकलले जातात, तेथे दाह होतो. धुण्याचे द्रावण किंवा भरण टोकाबाहेर गेले तर चुरचुरते. वरचे भरण किंचित उंच राहिले तर चावताना ठणका लागतो. यातील बरीच कारणे सिटिंगच्या संख्येवर अवलंबून नाहीत, ती हाताच्या कौशल्यावर अवलंबून आहेत.

आढावा काय सांगतो

कोक्रेन हे नाव आर्ची कोक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांचे. वैद्यकातील उपचार प्रयोगाने पारखून घ्यावेत, असा आग्रह त्यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकातून धरला. १९९३ साली त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली. जगभर झालेले प्रयोग गोळा करायचे, त्यांची प्रत तपासायची आणि त्यांचे आकडे एकत्र मांडायचे, हे तिचे काम. येथे प्रयोग म्हणजे ज्यात रुग्ण कोणत्या गटात जाईल हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलेले असते, असे प्रयोग. डॉक्टरांनीच निवड केली तर सोपे दात एका गटात आणि अवघड दात दुसऱ्यात जाण्याचा धोका असतो.

२००७ च्या आवृत्तीत असे १२ प्रयोग होते, २०१६ मध्ये २५ आणि २०२२ मध्ये ४७. या ४७ प्रयोगांत ५८०५ रुग्ण होते. पाहणीचे मुख्य निष्कर्ष थोडक्यात असे. क्ष-किरण चित्रात उपचार फसलेला दिसण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत वेगळे असल्याचा पुरावा नाही. हा आकडा १३ प्रयोगांतील १५०५ दातांवरून काढलेला आहे. दात काढावा लागण्याबद्दल फक्त दोन प्रयोगांत माहिती आहे, तिच्यावरून काही ठरवणे अवघड. दुखण्याबाबत मात्र फरक दिसतो : पहिल्या आठवड्यात दुखले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण एका सिटिंगच्या गटात दुसऱ्या गटाच्या १.५५ पट आढळले. खरे गुणोत्तर १.१४ ते २.०९ यांच्या दरम्यान कोठेतरी असावे, असे संख्याशास्त्राचे गणित सांगते.

आढाव्याचे श्रेय प्रथम नोंदवले पाहिजे. ४७ पैकी केवळ १० प्रयोगांत पक्षपाताचा धोका कमी आहे, १७ मध्ये तो मोठा आहे आणि २० मध्ये नीट सांगता येत नाही, हे त्याच्या लेखकांनी स्वतःच उघड मांडले आहे. प्रत्येक निष्कर्षाला किती विश्वास द्यावा, याची प्रतवारी केली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत निष्कर्ष असतात, पण त्यांच्याजवळ अशी प्रतवारी अभावानेच असते. हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे. आमचे आक्षेप यापुढचे आहेत.

घड्याळ कोठून सुरू करायचे?

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा आक्षेप कालगणनेचा. "पहिला आठवडा" म्हणजे कोणता आठवडा?

एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिल्या रुग्णाचे सारे काम एकाच दिवशी झाले. त्याला पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी दुखले. एकूण तीन दिवस. दुसऱ्या रुग्णाची नळी पहिल्या दिवशी धुतली. त्याला पहिल्या व दुसऱ्या दिवशी दुखले. आठव्या दिवशी नळी भरली; पुन्हा आठव्या व नवव्या दिवशी दुखले. आता मोजू. पहिल्या सिटिंगपासून सात दिवस धरले, तर पहिल्याला तीन दिवस दुखले, दुसऱ्याला दोन. नळी भरल्यापासून सात दिवस धरले, तरी तीन विरुद्ध दोन. दोन्ही घड्याळे दुसऱ्या पद्धतीला कौल देतात. परंतु उपचार सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचे सारे दिवस मोजले, तर तीन विरुद्ध चार. कौल उलटला! रुग्ण तेच, दुखणे तेच. फक्त मोजणाऱ्याने खिडकी कोठे उघडली, एवढाच फरक.

एका सिटिंगच्या आठवड्यात धुणे आणि भरणे ही दोन्ही कामे बसतात. अनेक सिटिंगच्या आठवड्यात त्यांतील एकच बसू शकते. तेव्हा १.५५ हा आकडा एका आठवड्याचे उत्तर आहे, साऱ्या उपचाराचे नव्हे. रुग्णाला हवे असते ते साऱ्या उपचाराचे उत्तर.

हा आक्षेप केवळ कागदी नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका आढाव्यात जंतुबाधित दातांवरील प्रयोग एकत्र केले होते आणि नळी भरल्यानंतरचे अल्पकालीन दुखणे एका सिटिंगमध्ये कमी, असा नेमका उलट निष्कर्ष त्यात निघाला होता. प्रश्न एक, पद्धत तीच, आणि उत्तरे विरुद्ध. अशा वेळी "शास्त्रज्ञ रोज मत बदलतात" असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण दोघांनी कोणते दात घेतले, केव्हापासून मोजले आणि काय मोजले, हे पाहिले पाहिजे.

"हो" किंवा "नाही"

दुसरा आक्षेप दुखणे मोजण्याच्या पट्टीचा. वरील १.५५ हे गुणोत्तर "दुखले" असे सांगणाऱ्या माणसांचे आहे. घास चावताना एकदा कळ आली तोही "हो", आणि रात्रभर येरझाऱ्या घातल्या तोही "हो". तापमानाच्या नोंदवहीत २५ अंश आणि ४५ अंश या दोन्हींसमोर फक्त "उष्ण" असे लिहावे, तसा हा प्रकार. दुखणे शून्य ते शंभर या पट्टीवर रुग्णाकडूनच मोजून घेण्याची रीत उपलब्ध आहे; तिचा उपयोग झाला, तर प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

पट्ट्या किती वेगवेगळ्या आहेत, हे २००८ साली ऑस्ट्रेलियातील साथोर्न, पाराशोस आणि मेसर यांनी दाखवले. त्यांनी १६ अभ्यास तपासले. उपचारानंतर दुखणाऱ्यांचे प्रमाण एका टोकाला ३ टक्के, तर दुसऱ्या टोकाला ५८ टक्के निघाले! एकाच उपचाराचे हे दोन आकडे एका जातीचे असणे कठीण. त्या लेखकांनी असे आकडे एकत्र मिळवण्यास नकार दिला आणि निर्णायक पुरावा नाही असे लिहून ते थांबले. कोक्रेनच्या लेखकांनी आकडे एकत्र केले, पण या विशिष्ट प्रश्नापुरते ४७ पैकी पाचच प्रयोग आणि ६३८ रुग्ण त्यांच्या हाती उरले. आढाव्याच्या पहिल्या पानावर ५८०५ रुग्ण पाहून वाचक दबून जातो. तो ज्या आकड्याच्या शोधात असतो, त्याच्यामागे मात्र ६३८ माणसे उभी असतात.

गुणोत्तराबाबतही सावधपणा हवा. समजा, अनेक सिटिंगच्या पद्धतीत शंभरांपैकी २० जणांना दुखते. १.५५ पट म्हणजे दुसऱ्या पद्धतीत ३१. अकरा माणसे जास्त, हा फरक लहान नाही. पण मूळ प्रमाण शंभरात ४ असेल, तर १.५५ पट म्हणजे सुमारे ६. गुणोत्तर तेच, फरक दोन माणसांचा. "दीडपट दुखते" असे वाक्य मूळ प्रमाण न सांगता कोणी लिहिले, तर वाचकाने ते विचारून घ्यावे.

रुग्णाला ठाऊक असते

तिसरा आक्षेप आढाव्यावर नाही, विषयाच्या स्वरूपावर आहे. पण आढावा वाचताना तो विसरून चालत नाही. औषधाच्या प्रयोगात रुग्णाला खरी गोळी दिली की पिठाची, हे लपवता येते. आपण दंतवैद्याकडे एकदा गेलो की तीनदा, हे कोणापासून लपवणार? दुखणे हा अनुभव अपेक्षेने कमीजास्त होतो. "आज सगळे उरकले, आता बरे वाटेल" असे ज्याच्या मनात आहे, आणि "अजून दोनदा खुर्चीत बसायचे आहे" असे ज्याच्या मनात आहे, त्या दोघांच्या उत्तरांत हा फरकही मिसळलेला असतो. काकेहाशींच्या उंदरांना आपण कोणत्या गटात आहोत हे कळत नव्हते. तेथे दोन गटांत एकाच गोष्टीचा फरक होता. येथे तसे करता येत नाही.

शिवाय उपचारानंतर दुखेल की नाही, याचा बलवान अंदाज देणारी गोष्ट म्हणजे उपचाराआधी दुखत होते की नाही ही. २०११ साली पाक आणि व्हाइट यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले, की उपचारापूर्वी ८१ टक्के रुग्णांना दुखत होते. उपचारानंतर एका दिवसात हे प्रमाण ४० टक्क्यांवर आणि सात दिवसांत ११ टक्क्यांवर आले. शून्य ते शंभर या पट्टीवर दुखण्याची सरासरी तीव्रता ५४ वरून २४ वर आणि मग ५ वर उतरली. हे आकडे आम्हांला या साऱ्या वाङ्मयातील सर्वांत उपयुक्त वाटतात. रूट कॅनाल म्हणजे जीवघेणे दुखणे, ही समजूत खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यापायी माणसे दात किडू देतात. मोजमाप असे सांगते, की दुखणे बव्हंशी आधीचेच असते आणि उपचाराने ते ओसरते. एक सिटिंग की तीन, या वादात ही गोष्ट झाकली जाते.

पुरावा नसणे आणि फरक नसणे

आढाव्याचा समारोप आम्हांला खटकतो. दोहोंपैकी एक पद्धत दुसरीहून चांगली असल्याचा पुरावा नाही, असे त्यात म्हटले आहे. आणि लगेच, एका सिटिंगमध्ये पहिल्या आठवड्यात अधिकांना दुखते याला मध्यम प्रतीचा पुरावा आहे, असेही म्हटले आहे. लेखकांच्या मनात "चांगली" याचा अर्थ दात टिकणे आणि क्ष-किरण चित्र स्वच्छ येणे, असा असावा. तो अर्थ उघड सांगायला हवा होता. कारण पहिले वाक्य घेऊन एक जण म्हणेल "दोन्ही सारखेच", आणि दुसरे घेऊन दुसरा म्हणेल "एका सिटिंगमध्ये जास्तच दुखते". दोघेही एकाच आढाव्याचा दाखला देतील.

"फरक असल्याचा पुरावा मिळाला नाही" आणि "फरक नाही असा पुरावा मिळाला" ही दोन वेगळी विधाने आहेत. अंधाऱ्या खोलीत काडी ओढून पाहिले आणि किल्ली दिसली नाही, म्हणजे किल्ली खोलीत नाही असे होत नाही. दात काढावा लागण्याबद्दल अवघे दोन प्रयोग असताना उजेड काडीएवढाच आहे.

जे आढाव्यात येत नाही

प्रयोगात भाग घेतलेला रुग्ण ठरल्या दिवशी परत येतो, निदान त्याला बोलावणे तरी जाते. प्रत्यक्षात काय होते? पहिल्या सिटिंगनंतर ठणका थांबतो. पेरणीचे दिवस असतात, परीक्षा असतात, तालुक्याच्या गावी जायला दिवस मोडतो, रोजगार बुडतो. दुखत नाही म्हणजे बरे झाले, असे मानून माणूस परत जातच नाही. तात्पुरते भरण काही दिवसांसाठीच असते; पुढे ते झिजते, फटी पडतात आणि जंतू पुन्हा आत शिरतात. या वेळी मात्र तेथे ठणकून इशारा द्यायला दंतमज्जाच उरलेली नसते. दात आतून बिघडत राहतो आणि सूज आल्यावरच कळते. प्रयोगाच्या भाषेत अशा माणसाला "गळालेला रुग्ण" म्हणतात आणि हिशेबातून वेगळा काढतात. ज्या गावी दंतवैद्य तीस किलोमीटरवर आहे, त्या गावी हा गळालेला रुग्णच कदाचित सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे.

म्हणून सिटिंगच्या संख्येचा निर्णय एका गुणोत्तरावर घेता येत नाही. मुळाशी पू आहे, सूज आहे, नळ्या वाकड्या आहेत, वेळ पुरणार नाही, असे दंतवैद्य सांगत असतील तर दुसऱ्या सिटिंगला कारण आहे. तसे काही नसेल आणि पुन्हा येणे खरोखर कठीण असेल, तर एका सिटिंगबद्दल विचारण्यात संकोच कसला? "माझ्या दाताला एकापेक्षा अधिक सिटिंग कशासाठी?" हा प्रश्न रुग्णाने जरूर विचारावा आणि सांगितलेल्या सिटिंग दुखो वा न दुखो पुऱ्या कराव्यात.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वरील दोन कल्पित रुग्णांचे दिवस फळ्यावर लिहावेत आणि "कोणाला कमी दुखले?" एवढेच विद्यार्थ्यांना विचारावे. वर्गात दोन तट पडतील. मग प्रत्येकाला, तू कोणत्या दिवसापासून मोजलेस, असे विचारावे. त्यानंतर वर्तमानपत्रातील "दुप्पट धोका", "निम्मा खर्च", "वेदनारहित उपचार" अशी कात्रणे आणायला सांगून प्रत्येकाखाली तीन प्रश्न लिहून घ्यावेत : केव्हापासून मोजले, कशाने मोजले आणि किती जणांत मोजले? एक तास पुरतो, साहित्य काही लागत नाही.